त्या सकाळचा केर

“केर नव्हता तिथं,” आई म्हणाली.

पडद्यावर नुसता पांढरा उजेड उरला होता आणि मागच्या खोलीत यंत्रावरून सुटलेलं फिल्मचं टोक फटफटत होतं. स्टुडिओच्या त्या खोलीत नऊ खुर्च्या, त्यांतल्या तीन भरलेल्या. एकीवर तास्या, म्हणजे या सिनेमाची दिग्दर्शिका ताइसिया सावेल्येव्हना. शेजारी तिची संकलक रिम्मा ल्व्होव्हना, हातांत पांढरे सुती हातमोजे, तोंडात न पेटवलेली सिगारेट. आणि एक खुर्ची मोकळी सोडून आई, जी काल रात्री कोस्त्रोमाला गाडीत बसून आज सकाळी लेनिनग्राडला उतरली होती आणि जिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवायला साफ नकार दिला होता. तास्या आठवडाभर या क्षणाची तालीम करत होती. आई काय म्हणेल, याची तिनं मनात यादीच केली होती. बाप इतका उंच नव्हता म्हणेल. मी कधी एवढी देखणी होते गं, म्हणेल. कदाचित रडेल, आणि मग आपणही रडू, आणि एकदाचं ते होऊन जाईल. केराचं काही यादीत नव्हतं. आईनं मात्र तेवढंच वाक्य टाकलं आणि डोक्यावरची शाल नीट करून गाठ मारायला घेतली, जणू दुकानात हवी ती वस्तू मिळाली नाही आणि आता निघायला हवं.

“केराचं काय म्हणालात, अग्निया तिमोफेयेव्हना?” रिम्मानं पुढे वाकून विचारलं.

“काही नाही. छान आहे. बाई चांगली घेतलीत माझं काम करायला. दात चांगले आहेत तिचे.” आणि ती दाराकडे चालू लागली.

रिम्मानं तास्याची बाही ओढली. “परवा मंजुरीची समिती बघणार आहे. तो केराचा प्रसंग काढायचा असेल तर आज सांग, उद्या मला तोंड दाखवू नकोस. आणि काढलास तर उरतं काय तुझ्या सिनेमात? एक नदी आणि चहाचा एक समोवार.” बोलणं तिखट असलं तरी रिम्माचे डोळे घाबरलेले होते, कारण त्या प्रसंगासाठी दोघी सात महिने भांडल्या होत्या. तास्या “बघते” म्हणाली आणि आईच्या मागं धावली. बघण्यासारखं तिच्यापाशी काहीच नव्हतं.

ट्राममध्ये आईला खिडकीची जागा मिळाली. तास्या दांडीला धरून तिच्या डोक्यापाशी उभी राहिली. मार्च महिना, दुपारची वेळ, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळत होता. आईच्या शालीवर गिरणीतल्या तागाचे तंतू नसतात आता, निवृत्त होऊन तिला आठ वर्षं झाली, तरी तास्याचे डोळे सवयीनं ते शोधू लागले. केर नव्हता. कसा नव्हता? तास्या सगळं विसरली असती, पण तो केर नाही. त्या केरासाठी तिनं सामानखात्याच्या प्रोखोरला रडकुंडीला आणलं होतं. ‘केर म्हणजे नक्की कोणता मागवू, बाई?’ तो विचारायचा, आणि खरोखरच त्यानं मागणीपत्रावर ‘घरगुती केर, युद्धकाळातला, एक बादली’ असं लिहून वरच्या साहेबाची सही आणली होती. तास्यानं त्याला एकेक जिन्नस सांगितला: सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, कारण आदल्या संध्याकाळी बाबा खिडकीत बसून बिया फोडत होते. जाड्या तंबाखूचा चुरा. बाबांच्या पाठपिशवीला पट्टे शिवताना आईनं दातांनी तोडलेले काळे दोरे. अकरा वेळा तो प्रसंग चित्रित झाला आणि अकराव्यांदा केर असा दिसला की तास्याला बाजूच्या पडद्याआड जाऊन उभं राहावं लागलं. तिच्या मुठीला तो आठवत होता. टरफलं तळहाताला टोचलेली आठवत होती.

एक्केचाळीसचा जुलै. तास्या आठ वर्षांची. व्होल्गेच्या काठावर लाकडी दुमजली घर, वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली, पिवळसर तपकिरी रंग दिलेल्या फळ्यांची जमीन. बाबा ओढबोटीवर यंत्राची कामं करायचे. पहाटेच्या आगबोटीनं ते आघाडीवर गेले तेव्हा तास्या झोपलेली होती, तिला उठवायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं म्हणे. जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं आणि कुणीच नव्हतं. दोन स्टुलं समोरासमोर ओढलेली होती, आईबाबा निघण्याआधी क्षणभर गप्प बसले असतील त्यांवर, रीतीप्रमाणं, आणि तिसरं तिचं छोटं स्टूल भिंतीपाशी होतं तसंच. तिला वाईट वाटलं की आपण बसलो नाही. मग वाटलं, आई येईल तेव्हा घर छान दिसू दे. तिनं बर्चच्या काड्यांची केरसुणी घेतली आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत खोली झाडली, आई झाडते तशी, वाकून, एक हात पाठीवर ठेवून. दार उघडं होतं. जिन्यात शेजारची पेलागेया उभी होती, तोंडाचं बोळकं, डोळे शाबूत. ती अशी किंचाळली की केरसुणी हातातून पडली. “अगं ए कार्टे! काय केलंस! बाप अजून वाटेवर आहे आणि तू जमीन झाडतेस? परतीची वाटच झाडून टाकलीस की त्याची!”

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही, हे कोस्त्रोमात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तास्याला ठाऊक नव्हतं. किंवा असेल, पण बाबा जाणं म्हणजे ‘प्रवास’ हे तिच्या लक्षात आलं नसेल. बाबा तर रोजच बोटीवर जायचे. पेलागेया स्वतःवर क्रूस काढत खाली गेली आणि तास्या चुलीमागच्या बादलीपाशी धावली. बादलीत केर होता. तिनं तो मुठीमुठीनं बाहेर काढला आणि जमिनीवर पुन्हा पसरला, कोपऱ्यात थोडा, टेबलाखाली थोडा, दारापाशी जास्त, कारण बाबा दारातूनच येणार. मग पांघरुणात शिरून झोपेचं सोंग घेतलं. आई आली. दारात थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे, पण त्या वेळात तास्याला आपल्या छातीचे ठोके खाटेच्या लाकडात ऐकू येत होते. आई काही बोलली नाही. काहीच नाही. आणि पुढे नऊ दिवस तिनं तो केर तसाच ठेवला, त्याच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत राहिली, आणि केरसुणी कपाटावर टाकून दिली, जिथं तास्याचा हात पोचत नव्हता. मुलीला एवढं पुरलं. आईला कळलंय. आई रागवत नाही, कारण हे रागवण्यापलीकडचं आहे. बेचाळीसच्या शरदात कागद आला, बाबा बेपत्ता, तेव्हा आईनं तो दोनदा वाचला आणि तास्याकडे पाहिलं. ते पाहणं तिच्या अंगावर तेहेतीस वर्षं तसंच राहिलं होतं.

पुढे आयुष्य झालं, कामं झाली, बक्षीसही एक मिळालं. लग्न झालं. घरी आलेला पाहुणा निघून गेला की तास्या दोन दोन दिवस केर काढत नसे आणि नवरा वादिम हसून लोकांना सांगे, आमच्याकडे पुरातत्त्वखातं आहे. वादिम बॅग भरून कायमचा निघाला त्या संध्याकाळी मात्र तिनं लगेच घर झाडलं, पलंगाखालीसुद्धा. हे आठवून ट्राममध्येही तिला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कोस्त्रोमाला गेली की ती अजूनही कधी केरसुणी हातात घेई, आणि आई जिथं असेल तिथून येऊन ती काढून घेई. “दे इकडे. तुला नाही जमत.” बेचाळीस वर्षांची बाई, तिच्या एका शब्दावर दोनशे माणसं हलतात, तिला झाडायला जमत नाही! शेवटी तिनं सिनेमा केला. कुणाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून हजारो लोकांना सांगायचं ठरवलं, आणि खरं म्हणजे एकीलाच. आईनं अंधारात बसून बघावं, आणि मग हो म्हणावं किंवा नाही म्हणावं. तर आई म्हणते, केर नव्हता.

स्वयंपाकघरात आईनं पिशवीतून कोबीचं सारण भरलेला पाव काढला, वर्तमानपत्र उलगडलं, सुरी मागितली. तास्यानं चहा ठेवला. आईनं मुरांब्याचा चमचा तोंडात घालून वर गरम चहा घेतला, बशीतून, फुंकर मारून. नेहमी ती अशा वेळी शेजारच्या बायकांच्या गुडघ्यांच्या बातम्या द्यायची. आज तिनं बशी खाली ठेवली.

“कुणी सांगितलं तुला?”

“काय?”

“उगाच वेड पांघरू नकोस, तास्का. पेलागेयानं? पण ती तर त्या वर्षीच्याच थंडीत वारली. तू जागी होतीस, हो ना? डोळे मिटून पडली होतीस आणि सगळं बघितलंस. मला वाटलंच होतं. चौतीस वर्षं मला वाटत होतं, हिनं बघितलंय, ही बोलत नाही.” आईचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “आणि आता सिनेमात घालतेस. माझ्या जागी पोरगी घातलीस, लोकांना कळू नये म्हणून. एवढी दया कशाला? मीच झाडलं म्हणून सरळ दाखवायचं होतंस.”

तास्याच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. “कुणी झाडलं?”

“मी! मी झाडलं. आणखी कोण होतं घरात?”

मग आईनं सांगितलं, एका दमात, टेबलावरचे पावाचे कण बोटानं टिपत टिपत. तास्याचा बाप सावेली जिना उतरून गेला. घाटावर येऊ नको, बायका तिथं ऊर बडवतात, मला ते बघवणार नाही, असं म्हणाला, म्हणून ती थांबली. खोलीत उभी राहिली. आणि हातांना काय करावं ते कळेना. “गिरणीत पाळी संपली की यंत्राखालचं झाडायचं आणि मगच घरी जायचं. अकरा वर्षं तेच. हाताला तेवढंच ठाऊक. काहीतरी संपलं की झाडायचं. डोकं त्याच्यामागं जिन्यावर होतं आणि हात झाडत होते. सगळी खोली झाडली मी, तास्या, कोपरान् कोपरा, असं कधी सणाला झाडलं नसेल. केर भरला, बादलीत टाकला. आणि तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला, तेव्हा मला दिसलं माझ्या हातात काय आहे ते. तशीच पळाले. डोक्यावर रुमालसुद्धा नाही. बोट मधल्या पाण्यात गेली होती. म्हणून म्हटलं, तुझ्या सिनेमातली पोरगी उठते तेव्हा केर नव्हताच तिथं.”

“म्हणजे मी झाडलं तेव्हा...”

“तू कधी झाडलंस?”

तास्यानं सांगितलं. तिला वाटलं होतं, हे वाक्य कधी तोंडातून आलं तर आपण मोडून पडू. पण ते बाहेर आलं एखादी चुकीच्या पत्त्यावर आलेली चिठ्ठी वाचून दाखवावी तसं. मी झाडलं. पेलागेया ओरडली. मी बादलीतला केर परत पसरला. आई ऐकत होती आणि तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

“तू पसरलास?”

“मुठीनं.”

“दारापाशी जास्त होता.”

“बाबा दारातून येणार म्हणून.”

आईनं दोन्ही हात गालांवर ठेवले. तास्या घाबरली, उठली, पण आई हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. “अगं बये! अगं देवा! आणि मी... मी पळत घरी आले, दार उघडलं, आणि बघते तो केर जागच्या जागी! त्याची टरफलं, त्याचा तंबाखू, माझे दोरे. मी स्वतःच्या हातानं काढलेला केर परत येऊन बसलेला! मी म्हटलं, हा येणार. तो गेला पण त्याचा माग परत आला, म्हणजे हा येणार. मी कामगार बाई, कोपऱ्यातली देवाची तसबीरसुद्धा सासूच्या माघारी उतरवून ठेवलेली, आणि मी केराला मानत बसले! नऊ दिवस त्याला पाय लागू दिला नाही. केरसुणी वर टाकली, माझेच हात पुन्हा वळवळतील म्हणून. नंतर तू केरसुणी उचललीस की ती सकाळ समोर उभी राहायची. म्हणून काढून घ्यायचे. तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, तू मला माफ केलं नाहीस.”

हसू जसं आलं तसं थांबलं. आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, अगदी कागद आला त्या दिवशीसारखं, आणि तास्याला पहिल्यांदाच त्या पाहण्याचा अर्थ लागला. आई तेव्हाही विचारत होती: तुला ठाऊक आहे का गं, मी काय केलं ते?

“आठ वर्षांचं पोर,” आई म्हणाली. “आठ वर्षांचं पोर आणि हे घेऊन बसलं. आणि मी तुझ्यापासून चार हातांवर झोपायचे, मला कळलं नाही.” मग ती एकदम चिडली, स्वतःवर की आणखी कुणावर ते सांगता आलं नसतं. “आमच्या गल्लीतून एकोणीस माणसं गेली. तीन परत आली. सोळा घरांत काय सगळ्यांनी जमिनी झाडल्या होत्या? सावेली कशानं आला नाही ते मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. लढाईनं आला नाही.” हे ती बहुधा स्वतःला हजारदा बोलली असेल. तास्याही बोलली होती, तर्क काही तिला नवा नव्हता, आणि दर वेळी तो कामावरून सुटलेल्या माणसासारखा निघून गेला होता. आज आईच्या तोंडून ऐकताना तो राहिला. आई आपल्याला समजावतेय आणि समजावता समजावता स्वतः ऐकतेय, हे तास्याला दिसत होतं. छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं इतकी वर्षं आणि ते उचललं गेल्यावर कळलं की श्वास एवढा लांब घेता येतो.

“मग तू युद्ध संपेपर्यंत उगाच वाट बघितलीस,” तास्या म्हणाली. “माझ्यामुळं.”

“उगाच?” आईनं पावाचा तुकडा तिच्या बशीत सरकवला. “बेचाळीसच्या थंडीत सकाळी चारला उठून गिरणीत कुणाच्या जिवावर गेले असते मी? त्या केराच्या. तो येणार म्हणून उठायचे. बरं केलंस पसरलास ते. खा.”

तास्यानं खाल्लं. कोबीत मीठ कमी होतं आणि तिनं तसं सांगितलं, आणि आई म्हणाली की लेनिनग्राडच्या लोकांच्या जिभा बिघडल्यात. नंतर तास्यानं रिम्माला फोन लावला. केराचे दोन तुकडे काढून टाक, म्हणाली, जवळून घेतलेले. पोरगी झाडतेय तेवढंच ठेव. कोऱ्या जमिनीवर. मग बादली, मूठ, पसरणं, ते सगळं ठेव. “म्हणजे ती स्वच्छ जमीन झाडते?” रिम्मा म्हणाली. “हो.” “तेवीस सेकंद जातील. आणि प्रोखोर मला जिवंत ठेवणार नाही, त्याच्या बादलीवर साहेबाची सही आहे.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “बरं होईल गं ते. खरंच बरं होईल.” आईनं विचारलं, मी झाडलेलं कुठं घालणार? तास्या म्हणाली, ते नाही घालत, ते तुझं आहे. आई विचारात पडली आणि मग म्हणाली, नको, नाहीतर त्या चांगल्या दातांच्या बाईला वाकावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई निघाली. आदल्या संध्याकाळपासून दोघी सूर्यफुलाच्या बिया फोडत बोलत बसल्या होत्या, बाबांबद्दल, त्यांच्या उंचीबद्दल (खरंच एवढे उंच नव्हते), त्यांच्या बेसूर गाण्याबद्दल, आणि टेबलाखाली टरफलांचा सडा पडला होता. पिशवी दारापाशी ठेवून दोघी समोरासमोर खुर्च्यांवर बसल्या. मिनिटभर बोलायचं नसतं. आईनं हात मांडीवर ठेवले होते, बोटं थोडी वाकलेली, गिरणीत वाकली तशीच राहिलेली. त्या सकाळी ते हात झाडत होते आणि डोकं जिन्यावर होतं. तास्यानं त्या हातांकडे बघून घेतलं. मग आई म्हणाली, “चला,” आणि जमिनीवरच्या टरफलांकडे बोट दाखवून, डोळे मिचकावून, “हात लावू नकोस हं, कार्टे.”

रात्री तास्यानं हात लावला नाही. कडेकडेनं चालली. सकाळी उठली, चहा केला, कडेकडेनं चालली. त्यावर तिचा विश्वास होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. पण भीती नव्हती. टरफलं नुसती टरफलं होती, काल बसलेल्या दोन बायकांची, आणि त्यांतून वाट काढताना ती चक्क गुणगुणत होती, बाबांसारखीच बेसूर.

साडेदहाला बेल वाजली. तारवाला दारात. कोस्त्रोमा स्टेशनवरून साडेनऊला केलेली तार, गिरणीकामगार बाईची, शब्द मोजून:

पोचले. झाड आता. आई.

तास्यानं ती दारातच दोनदा वाचली. मग केरसुणी घेतली, कोपऱ्यातून सुरुवात केली, वाकून, एक हात पाठीवर ठेवून. अर्ध्या खोलीत आली तेव्हा फोन खणखणला. समिती येऊन बसली होती, बारा माणसं, आणि रिम्मा कुजबुजत ओरडत होती: “आहेस कुठं तू? सगळे घड्याळं बघतायत! काय करतेयस काय?”

“झाडतेय,” तास्या म्हणाली. “दारापर्यंत आले की निघते.”